वाघाच्या मावशीची शिदोरी

वाचकहो, गाईम्हशींच्या खुराकाबद्दल मी तुमच्याशी कितीतरी वेळा बोललो आहे. पेंड किती, कडबा किती, क्षार-मिश्रण किती, गाभण म्हशीला शेवटचे दोन महिने काय घालावे, हे सांगता सांगता विस्तार खात्यात माझी ३० वर्षे गेली. पण आपल्या घरात आणखी एक जीव असतो. तो कणगीच्या कडेला झोपतो, रात्री माळवदावर गस्त घालतो आणि पोत्यातले धान्य उंदरांपासून राखतो. त्याच्या खुराकाचा हिशेब कुणी विचारत नाही. उरलीसुरली भाकरी दुधात कुस्करली की मांजराचे भागले, अशी आपली समजूत. अलीकडे तालुक्याच्या दुकानात मांजराच्या खाण्याच्या पिशव्याही टांगलेल्या दिसतात, आणि पुण्या-मुंबईची मुले म्हणू लागली आहेत की हे दोन्ही नको, मांजराला कच्चे मांसच द्यावे. तुमच्या घरीही हा वाद आज ना उद्या येईल. आमच्या घरी तो आला, आणि असा आला की त्यात एका जिवाचा नव्हे, तीन जिवांचा प्रश्न होता. म्हणून हे लिहीत आहे.

गेल्या वर्षी आमची थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता. येताना तिने आपला बोकाही आणला. करडा, चार किलो वजनाचा, तीन वर्षांचा. सोबत त्याच्या खाण्याची मोठी पिशवी. आमचे घर माणदेशातले आणि माळकरी. आमच्या आईने ऐंशी पावसाळे पाहिले, पण अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलेले नाही. पिशवीतले ते वाळके गोळे तिने हातात घेऊन पाहिले आणि ‘मांजराचे फुटाणे’ म्हणून पास केले. बोका दिवसभर ते फुटाणे कुडुमकुडुम खाई, पाण्याच्या वाटीकडे क्वचित जाई.

पंधरा दिवसांनी एका सकाळी तो आपल्या वाळूच्या पाटीत जाऊन बसू लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. शेजारचे म्हणाले, पोट साफ नसेल, एरंडेल पाजा. मी पाटी पाहिली तर वाळू कोरडी होती. लेकीचा चेहरा उतरला. त्याला तसाच उचलून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि म्हणाले, मूत्राशय मोसंबीसारखे कडक लागते आहे, लघवी तुंबली आहे. बारीक नळी घालून त्यांनी ती मोकळी केली, सलाईन लावले, दोन दिवस ठेवून घेतले. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट गाळ तिथे बूच मारतात. एक-दोन दिवस लघवी तुंबून राहिली तर रक्तात विष साठते आणि जनावर जाते. एवढी एक गोष्ट जरी तुम्ही लक्षात ठेवलीत तरी या लेखाचे काम झाले: बोका वारंवार बसतो आहे आणि लघवी होत नाही, असे दिसले की औषधपाणी घरी करू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी सांगितले, याच्या पोटात पाणी जास्त गेले पाहिजे. कोरडे खाणे हे एकच कारण असते असे नाही. लठ्ठपणा, बसून राहणे, घर बदलल्याचा ताण हीही कारणे असतात. पण पाण्याचा उपाय आपल्या हातातला आहे. यामागचे शास्त्र साधे आहे. आपले मांजर मूळच्या वाळवंटी रानमांजराचे वंशज. त्याला तहान कमी लागते, कारण त्याचे पाणी त्याच्या भक्ष्यातच असते. उंदराच्या अंगात शंभरात पासष्ट-सत्तर भाग पाणी असते. पिशवीतल्या गोळ्यांत ते आठ-दहा भाग असते. एवढी तूट मांजर वाटीतून भरून काढत नाही. मग लघवी दाट होते आणि दाट लघवीत खडे जमतात. विहिरीचे खारे पाणी आटले की तळाशी क्षाराचा थर धरतो, तसेच हे.

घरी परतल्यावर लेक म्हणाली, “आप्पा, आता पिशवी बंद. त्याला कच्चं मांस द्यायचं. निसर्गात तो तेच खातो.”

आई ओसरीवरून म्हणाली, “वाघाची मावशी हाय ती. तिच्या जातीला मांस लागतं, हे मला ठावं हाय. पर माझ्या घरात न्हाई.”

लेकीचे खरे होते आणि आईचेही खरे होते. मधे मी. बायकोने माझ्याकडे असे पाहिले की, गावभर खुराकाचे सल्ले देता, आता घरात द्या. मग मी गुरांच्या बाबतीत जसा बसतो तसा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला प्रश्न, मांजराला मांस लागतेच का? लागते. कुत्रे भाकरीवर निभावून नेते, मांजर नेत नाही. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते प्राण्याच्या काळजातून तयारच मिळावे लागते. तसाच आणखी एक पदार्थ म्हणजे टॉरिन. १८२७ साली टीडमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तो बैलाच्या पित्तातून वेगळा केला. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, त्यावरून हे नाव. बैल तो स्वतःच्या शरीरात बनवतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. १९७५ मध्ये दिसून आले की टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की त्याच कमतरतेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते. गंमत म्हणजे ती मांजरे विकतचे तयार खाणे खाणारीच होती. त्यानंतर पिशवी-डब्यातल्या खाण्यात टॉरिन वाढवण्यात आले आणि तो रोग पुष्कळ कमी झाला. म्हणून तयार खाण्याला सरसकट नावे ठेवू नयेत. चांगल्या पिशवीत हिशेब पुरा असतो. कमी असते ते पाणी. आणि गोळा आकार धरून राहावा म्हणून त्यात पिष्टही बरेच घालावे लागते.

दुसरा प्रश्न, मग नुसते मांस दिले तर भागेल का? इथेच पुष्कळांची फसगत होते. रानातले मांजर उंदीर खाते म्हणजे नुसते मांस खात नाही. हाडे, काळीज, हृदय, सगळेच खाते. नुसत्या मांसात स्फुरद पुष्कळ आणि चुना जवळजवळ नाहीच. अशा खाण्यावर वाढलेल्या पिलांची हाडे ठिसूळ होतात आणि उडी मारताना मोडतात. दुसऱ्या टोकाला, लाड म्हणून रोज काळीजच घातले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांना जुळतात. काही जातींच्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा पदार्थ असतो. रोज तेच घातले तर मांजर झोकांड्या खाऊ लागते. कांदा-लसूण तर कच्चा असो की शिजलेला, मांजराच्या रक्तपेशी फोडतो. म्हणजे आपल्या ताटातल्या रश्श्याचा तुकडा ही माया नव्हे.

तिसरा प्रश्न, कच्चे की शिजवलेले? इथे मला लेकीशी थोडे कडक व्हावे लागले. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेलासारखे जंतू असतात. मांजर ते पचवून जाईलही, पण पाट, सुरी, वाटी आणि मांजराची विष्ठा यांतून ते माणसापर्यंत येतात. बर्ड फ्लूची गोष्ट त्याहून गंभीर. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आपल्या देशात तो प्रथम सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे कुक्कुटपालन करणाऱ्या वाचकांना सांगायला नको. तो रोग मार्जारकुळालाही सोडत नाही. २००४ साली थायलंडमधील एका व्याघ्र-संग्रहालयात कच्ची कोंबडी खाल्लेल्या वाघांत तो पसरला आणि १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. वाघाला जे झाले ते वाघाच्या मावशीला होणार नाही असे कसे म्हणावे? बर्फात ठेवून हे विषाणू आणि जंतू मरत नाहीत. नीट शिजवले की मरतात.

आणि घरात गर्भार लेक. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. मांजराला तो उंदरातून किंवा कच्च्या मांसातून लागतो आणि नंतर काही दिवस त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. बाईला गरोदरपणात तो प्रथमच लागला तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून काही घरांत सुनेला दिवस गेले की मांजर पोत्यात घालून लांब सोडून येतात. तसे करण्याची गरज नाही. विष्ठेतली ती बीजे बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी रोग लावण्याजोगी होतात. म्हणजे पाटी रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केली तर धोका फार कमी होतो. माणसाला हा रोग पुष्कळदा मांजरापेक्षा अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीच्या हातांतूनच लागतो. आमच्या घरी पाटी साफ करण्याचे काम माझ्याकडे आले. शेणखताच्या खड्ड्यांची पाहणी करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात कमीपणा कसला?

मी लेकीला म्हणालो, “ताई, मांस की पीठ हा पहिला प्रश्न. कच्चं की शिजवलेलं हा दुसरा. पहिल्यात तुझं बरोबर आहे. दुसऱ्यात बाळ होईपर्यंत माझं ऐक.” ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “पण शिजवल्यावर त्यातलं टॉरिन जातं ना?” लेक हुशार आहे. जाते, पण बरेचसे शिजवलेल्या पाण्यात उतरते. ते पाणी फेकायचे नाही, वाटीतच घालायचे. नाहीतरी आपल्याला पाणीच पोटात घालायचे आहे!

आता आईचा प्रश्न. तिने अटी घातल्या. मांस स्वयंपाकघरात यायचे नाही. भांडे, सुरी, पाट वेगळे. ते गोठ्याच्या वळचणीलाच राहायचे. फ्रीजमध्ये ठेवायचे नाही. ज्याने हात लावला त्याने साबणाने हात धुऊन, कपडे बदलून मगच आत यायचे. लेकीने त्याला शिवायचे नाही. आणि एकादशीला अंगणातसुद्धा नाही. मी त्या अटी ऐकल्या आणि मनात म्हणालो, कच्चे मांस हाताळण्याबाबत आरोग्य खाते याहून वेगळे काय सांगते? एक एकादशी सोडली तर सगळे नियम जसेच्या तसे!

डॉक्टरांनी लघवी तपासून खड्याचा प्रकार पाहिला होता. त्यांना विचारूनच खुराक ठरवला. चार किलोच्या बोक्याला दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम. कोंबडीच्या तंगडीचे बिनहाडाचे मांस मुख्य, कारण छातीपेक्षा तंगडीत टॉरिन जास्त. त्यात हृदयाचा एक तुकडा, अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढे काळीज. चुन्यासाठी अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड, अर्ध्या किलो मांसाला चहाचा अर्धा चमचा या हिशेबाने रोज दोन चिमटी. शिवाय डॉक्टरांनी लिहून दिलेली टॉरिन व जीवनसत्त्वांची पूड, ती मात्र मांस कोमट झाल्यावर. मीठ-मसाला काही नाही. शिजवलेले हाड तर कधीच नाही. ते चिरफळते आणि आतड्यात रुतते. मी संध्याकाळी कचेरीतून येताना तेवढेच मांस डब्यात आणायचो आणि गोठ्यापुढच्या तीन दगडांवर शिजवायचो. सकाळचा वाटा झाकून गार पाण्यात ठेवायचो आणि पहाटे पुन्हा उकळून द्यायचो. पहिल्या दिवशी शेजारी येऊन बघून गेले की साहेबांनी माळ काढली की काय.

पण खरी मेहनत पुढेच होती. बोका त्या वाटीकडे ढुंकून पाहीना. फुटाण्यांवर वाढलेल्याला मांस हे अन्नच वाटेना! मुरघासाचे पहिले वर्ष आठवते ना? म्हैस हुंगून मान फिरवते. तेव्हा आपण काय करतो? तिला उपाशी ठेवत नाही, हिरव्या चाऱ्यात मूठभर मुरघास मिसळून हळूहळू वाढवतो. पोटातल्या जंतूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मांजरालाही हाच न्याय, आणि एका बाबतीत जास्तच कडक. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू नाही. दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही, विशेषतः मांजर लठ्ठ असेल, तर त्याच्या काळजात चरबी भरते आणि त्यातून ते जाऊ शकते.

इंग्लंडातले शेतकरी सशांच्या बिळात सोडायला फेरेट नावाचा एक प्राणी पाळतात. चिटुकले मुंगूस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. जात मात्र वेगळी. अमेरिकेत तो हौसेनेही पाळतात. तोही शुद्ध मांसाहारी, आणि त्याचे आतडे इतके आखूड की खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. लहानपणी ज्या वासाचे खाणे मिळाले तेवढेच तो अन्न मानतो. त्याला गोळ्यांवरून मांसावर आणणारेही हीच युक्ती करतात: जुने खाणे कुटून नव्यावर भुरभुरायचे, आणि उपाशी मुळीच ठेवायचे नाही.

आम्ही तेच केले. पहिल्या आठवड्यात दिवसभर भरलेली वाटी बंद करून तीन ठरलेली जेवणे केली आणि गोळे कोमट पाण्यात भिजवून दिले. एवढ्यानेही लघवी वाढलेली पाटीत दिसू लागली. ज्यांना मांसाची खटपट जमणार नाही त्यांनी इतके केले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या आठवड्यात पाण्याऐवजी कोंबडीचे पाणी आणि त्यात चमचाभर कुस्करलेले मांस. दोन दिवसांनी आणखी एक चमचा. खाणे नेहमी कोमट. ताजा उंदीर कधी गार असतो का? दर रविवारी धान्याच्या काट्यावर बोक्याचे वजन. एकदा त्याने दिवसभर तोंड लावले नाही, तेव्हा एक पायरी मागे आलो. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला वाटीत वर भुरभुरलेल्या पुडीशिवाय गोळ्यांचे काही उरले नव्हते. एकादशीला मात्र भिजवलेले फुटाणेच. त्याचाही उपयोग झाला; दोन्हींची सवय राहिली. प्रवासात, पावसापाण्यात अडले नाही.

लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बारसे झाले, सव्वा महिना झाला, आणि त्या सबंध काळात बोक्याला पुन्हा त्रास झाला नाही. एका बोक्यावरून सिद्धांत बांधू नये, हे पीक-प्रात्यक्षिके घेणाऱ्या मला कळते. एका प्लॉटवर शिफारस होत नसते. पण दाट लघवी पातळ करण्याचा मार्ग शास्त्राला धरून आहे. लेक आता पुण्याला गेली आहे. पुढे कच्चे द्यायचा तिचा विचार अजून गेलेला नाही. मी एवढेच सांगितले आहे की रांगणारे पोर घरात आहे तोवर नाही, आणि पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तुमच्या दारचे मांजर उंदरांवर जगत असेल तर त्याला वरचे फारसे लागत नाही. उंदीर हाच त्याचा पुरा खुराक. मात्र शेतात किंवा घरात झिंक फॉस्फाइड वा ब्रोमाडिओलोन ठेवाल ते दिवस त्याला घरात ठेवा आणि पोटभर घाला. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरते. मेलेले उंदीर शोधून खोल पुरा. दुधाने मोठ्या मांजराला ढाळ होत असेल तर दूध बंद करा, स्वच्छ पाणी ठेवा. नुसत्या दूधभाकरीवर मांजर जगलेले दिसते, कारण रात्री ते आपले आपण काहीतरी मिळवते. बांधलेल्या किंवा कोंडलेल्या मांजराला ती सोय नसते. त्याची जबाबदारी पूर्ण तुमची.

गोठ्यापुढचे ते तीन दगड अजून तिथेच आहेत. परवा मी ते उचलायला निघालो तेव्हा आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. दिवाळीला पोरगी येईल, तवा त्येलाबी लागंल की.”